डाव्या हाताचं नवं काम

स्कूटर चालवणारा माणूस गिअरची मोटरसायकल शिकायला निघाला की घरातले, शेजारचे, मित्र सगळे त्याला गिअरबद्दल सांगतात. पहिला खाली, बाकीचे वर, मध्ये न्यूट्रल. हे पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. खरी अडचण वेगळीच असते. ॲक्टिव्हा, ज्युपिटर, ॲक्सेस, कुठलीही स्कूटर घ्या, डावी लिव्हर म्हणजे ब्रेक. मोटरसायकलवर त्याच जागी, तशीच दिसणारी, त्याच बोटांनी दाबायची लिव्हर म्हणजे क्लच. समोर अचानक कुत्रं आडवं आलं की विचार करायला वेळ नसतो, बोटं आपोआप आवळली जातात. स्कूटरवर त्या आवळण्यानं गाडी थांबते. मोटरसायकलवर नुसता डावा हात आवळला, तर इंजिन चाकापासून सुटतं आणि गाडी तशीच पुढे घरंगळते. वेगाला इंजिनाचा जो थोडा अटकाव होता, तोही जातो.

म्हणून इथे गिअरपेक्षा क्लचवर जास्त बोलणार आहे, आणि क्लचपेक्षाही थांबण्यावर.

आधी स्कूटर काय करत होती ते समजून घेऊ. मोटरसायकलवर तुम्हाला जे करायचं आहे ते सगळं स्कूटर करतच होती, पण मागच्या चाकाच्या डावीकडे जे लांबट कव्हर असतं त्याच्या आत. पेट्रोलचं इंजिन पूर्ण थांबलेल्या अवस्थेतून जोर देऊ शकत नाही. बंद पडू नये म्हणून त्याला मिनिटाला दीड हजारांच्या आसपास फेरे घेत राहावं लागतं. सिग्नलला चाक मात्र थांबलेलं असतं. फिरतं इंजिन आणि थांबलेलं चाक यांची गाठ झटका न बसता कशी घालायची, हा पहिला प्रश्न. दुसरा असा की इंजिनात चांगली ताकद ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यातच असते, आणि चाकाला तर माणसाच्या चालीपासून ताशी ६० किलोमीटरपर्यंत सगळ्या वेगांनी फिरायचं असतं.

स्कूटरनं पहिल्या प्रश्नाचं उत्तर मागच्या चाकाजवळच्या क्लचमध्ये दिलेलं आहे. इंजिनाचे फेरे वाढले की त्यातले शूज बाहेर फेकले जातात, भोवतीच्या वाटीला घट्ट धरतात आणि चाक फिरू लागतं. रेस सोडून वेग अगदी कमी झाला की स्प्रिंग शूजना आत ओढून घेतात आणि चाक मोकळं होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पट्टा आणि दोन पुली. पुढच्या पुलीत छोटे रोलर असतात. फेरे वाढले की तेही बाहेर सरकतात आणि पुलीच्या दोन तबकड्या जवळ ढकलतात, त्यामुळे पट्टा पुढे मोठ्या घेरावर चढतो आणि मागे लहान घेरावर उतरतो. म्हणजे गिअर बदलतच असतो, पायऱ्या न पडता.

मोटरसायकलवर शूजचं काम तुमच्या डाव्या हाताकडे येतं आणि रोलरचं काम डाव्या पायाकडे. सगळा बदल एवढाच आहे. पण शूज आणि रोलर यांना फेऱ्यांचा अंदाज आपोआप होता, तो तुम्हाला कानानं आणि हातानं शिकावा लागतो.

आधीच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नाही. पुण्याजवळच्या आकुर्डीत १९७२ पासून बनू लागलेली बजाज चेतक ही गिअरची स्कूटर होती. क्लच डाव्या हातात आणि गिअरही डावी मूठ फिरवून बदलायचे. चेतकवर हात बसलेल्या माणसाला मोटरसायकलवर फक्त पायाचं काम नवं असायचं. ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली, तिला क्लचची लिव्हर नव्हती, आणि पुढे घराघरांत तशाच स्कूटर आल्या. आज ज्याची पहिली गाडी स्कूटर होती त्याला क्लचशी ओळख करून घ्यावीच लागते. घरात चेतक चालवलेले काका किंवा आजोबा असतील तर त्यांना मैदानावर सोबत न्या. हाफ क्लच म्हणजे काय हे त्यांच्या हाताला पक्कं ठाऊक असतं.

मोटरसायकलच्या क्लचमध्ये एकाआड एक बसवलेल्या चकत्या असतात. निम्म्या इंजिनाबरोबर फिरतात, निम्म्या गिअरबॉक्सबरोबर. स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. लिव्हर दाबली की तो दाब जातो आणि दोन्ही गट आपापल्या वेगानं फिरायला मोकळे होतात. लिव्हर हळू सोडली की चकत्या एकमेकींवर टेकतात, पण लगेच घट्ट धरत नाहीत. दोन तळहात एकमेकांवर घासत आणावेत आणि मग दाबून धरावेत, तसं होतं. ते घासत राहणं म्हणजे हाफ क्लच. चाक थांबलेलं असताना इंजिन बंद न पडता त्याला ओढू शकतं, ते या घासण्यामुळेच.

लिव्हर पूर्ण दाबलेली असताना सोडू लागलात, की सुरुवातीच्या टप्प्यात काहीच होत नाही. शेवटच्या टप्प्यातही नवं काही होत नाही, क्लच धरून झालेला असतो. सगळी गोष्ट मधल्या अरुंद पट्ट्यात घडते. तिथे इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो आणि गाडी पुढे जाऊ पाहते. तो पट्टा प्रत्येक गाडीत वेगळ्या ठिकाणी असतो. त्याच गाडीतही क्लचची वायर घट्ट किंवा सैल केली की तो सरकतो.

म्हणून पहिली सकाळ फक्त हा पट्टा शोधण्यात घालवावी. शाळेचं मैदान, नव्या लेआउटमधला रिकामा रस्ता, कुठलीही सपाट आणि मोकळी जागा चालेल. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलेला पाहून गाडी चालू करा. क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, दोन्ही पाय जमिनीवर ठेवा. उजव्या हातानं रेस अजिबात देऊ नका. आता डावा हात इतका हळू सोडा की तो सुटतोय हे पाहणाऱ्याला कळू नये. गाडी हलली की तिथेच थांबा, बोटं तशीच धरून ठेवा. गाडी चालीच्या वेगानं पुढे सरकेल, तुम्ही दोन्ही बाजूंनी पावलं टाकत जा. मग लिव्हर पुन्हा दाबा आणि उजव्या हातानं ब्रेक. असं पुन्हा पुन्हा करा. कंटाळवाणं वाटतं, पण शिकण्यातला निम्मा भाग इथेच होतो, असं मी अनेकांना शिकवताना पाहिलंय.

नवशिके जिथे अडतात ती जागा ठरलेली असते. गाडी हलली, की 'झालं' असं वाटून ते लिव्हर एकदम सोडून देतात. चाकाचा वेग अजून इंजिनाच्या फेऱ्यांशी जुळलेला नसतो. चकत्या एकदम घट्ट बसतात, चाक इंजिनाला खाली ओढतं, एक झटका बसतो आणि गाडी बंद. यात भिण्यासारखं काही नाही. गाडी हलल्यावरही हात त्या पट्ट्यातच थोडा वेळ ठेवा, गाडी स्वतःच्या लांबीएवढी पुढे जाऊ द्या, मग उरलेली लिव्हर सोडा. हे जमलं की थोडी रेस जोडा. आधी रेस चढवून मग क्लच सोडायची सवय लावू नका. त्यातूनच गाडी उसळते.

गिअरबॉक्समध्ये सगळे गिअर कायम एकमेकांत अडकलेले असतात आणि कायम फिरत असतात. पायानं तुम्ही एक ड्रम थोडा फिरवता. त्याच्या खाचांतून चालणारे फोर्क गिअर बाजूला सरकवतात आणि त्यांच्या अंगावरचे दात शेजारच्या गिअरच्या खाचेत अडकतात. ड्रम एका दाबाला एकच पायरी फिरतो, म्हणून पहिल्यावरून थेट चौथा टाकता येत नाही. न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये, अर्ध्या टप्प्यावर असतो. पाय जोरात उचलला तर तो ओलांडून गाडी दुसऱ्यात जाते. न्यूट्रलसाठी पाय अगदी हलका लागतो.

गाडी उभी असताना कधी कधी पहिला गिअर पडतच नाही, पायाखाली काहीतरी अडल्यासारखं लागतं. दात खाचेसमोर न येता दातावर दात आलेला असतो, एवढंच. जोर करू नका. क्लच किंचित सोडून पुन्हा दाबा, किंवा गाडी वीतभर मागेपुढे करा, म्हणजे गिअर पडेल.

चालत्या गाडीवर क्रम असा: रेस पूर्ण बंद, क्लच दाबला, पायाचा एक ठाम दाब, क्लच सोडला, पुन्हा रेस. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना क्लच जरा सांभाळून सोडावा लागतो. वरच्या गिअरमध्ये तो भरकन सोडला तरी चालतो, कारण तिथे एका गिअरपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर कमी असतं. १२५ ते १५० सीसीच्या गाडीवर साधारण १५ च्या वेगाला दुसरा, २५ ला तिसरा, ४० च्या आसपास चौथा असा अंदाज धरा. पण काट्यापेक्षा कानावर विश्वास ठेवा. इंजिन ओरडू लागलं की वरचा गिअर हवा. गाडी थरथरू लागली, रेस देऊनही ओढेना, की खालचा हवा. स्कूटरवरून आलेल्या माणसाला हा थरथरणारा आवाज ओळखायला वेळ लागतो, कारण स्कूटर इंजिनाला तशी गुदमरू देतच नाही. चौथ्या गिअरमध्ये २० च्या वेगानं स्पीडब्रेकर ओलांडणारे नवशिके जागोजागी दिसतात. त्यात पिकअप तर जातोच, शिवाय इंजिनावरही ताण येतो.

एक सावधगिरी. बऱ्याच गाड्यांवर पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर असतात. स्प्लेंडरसारख्या गाड्यांवर सगळेच गिअर पुढच्या बाजूला खाली दाबून पडतात आणि मागे टाचेनं दाबून कमी होतात. मित्राची गाडी घेताना किल्लीबरोबर हेही विचारून घ्या.

आता थांबणं. स्कूटरस्वार शहरात बहुतेक वेळा डाव्या लिव्हरवरच थांबतो, उजव्या हाताचा पुढचा ब्रेक त्याला भीतीचा वाटतो. मोटरसायकलवर डावा ब्रेकच नाही. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली गेला आणि पुढचा उजव्या हातात राहिला. थांबण्याचा सगळा भार उजव्या अंगावर आला. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींवर एकत्रित ब्रेकची व्यवस्था किंवा एबीएस आणि त्याहून मोठ्या गाड्यांवर एबीएस बंधनकारक आहे. एकत्रित ब्रेकच्या स्कूटरवर डावी लिव्हर दोन्ही चाकांना ब्रेक लावते. तशाच मोटरसायकलवर ते काम उजव्या पायाची पट्टी करते. पण नुसत्या पायावर विसंबू नका. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, आणि थांबवण्याची खरी ताकद तिथेच असते. उजव्या हातानं पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबायला शिका. एकदम ओढू नका, आणि हँडल वळलेलं असताना तर नकोच.

क्रम पक्का लक्षात ठेवा: रेस बंद, दोन्ही ब्रेक, आणि क्लच सर्वांत शेवटी. गाडी जवळजवळ थांबते आहे, इंजिन आता थरथरेल असं वाटतं, तेव्हा डावा हात दाबायचा. तोपर्यंत इंजिन चाकाला जोडलेलंच राहू द्या, ते तुमच्या बाजूनं वेग कमी करत असतं. थांबता थांबता एकेक गिअर कमी करत पहिल्यावर या आणि डावा पाय टेका. उजवा पाय ब्रेकवरच. स्कूटरवर गाडी थांबायच्या आधीच दोन्ही पाय खाली सोडायची सवय असते. ती इथे मोडावी लागते, कारण पाय खाली गेला म्हणजे मागचा ब्रेक गेला.

हे शरीरात उतरवायला मैदानावर एक सराव करा. दुसऱ्या गिअरमध्ये २०-२५ च्या वेगानं या, ठरवलेल्या खुणेवर डावा हात मुद्दाम हँडलच्या मुठीवर सैल ठेवा आणि फक्त उजव्या हातापायानं वेग उतरवा. अगदी शेवटी क्लच. हे पुरेसं झालं की सोबतच्या माणसाला मध्येच हात वर करायला सांगा आणि तो दिसताच थांबा. डावी बोटं आधी आवळली जातात का, हे त्यालाच बघू द्या. ती आधी आवळली जात असतील तोवर रहदारीत जाऊ नका. खऱ्या आणीबाणीत दोन्ही हात आणि उजवा पाय एकदम दाबले गेले तरी चालतं, गाडी थांबते. धोका फक्त एकट्या डाव्या हाताचा.

रहदारीत आणखी एक फरक जाणवतो. स्कूटर रेस सोडली की रांगेत आपोआप मोकळी होते. मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये तशी मोकळी होत नाही. चालीपेक्षा वेग कमी झाला की क्लच दाबावाच लागतो. यू-टर्न घेताना हाफ क्लच, थोडी रेस आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय ठेवला की गाडी आश्चर्य वाटावं इतकी स्थिर वळते. मात्र रांगेत उभं राहून हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, चकत्या तापून झिजतात. सिग्नल लांबचा असेल तर न्यूट्रल करा आणि हात मोकळा सोडा.

चढावर गाडी निघत नाही ही सगळ्यांची तक्रार. स्कूटरवर डाव्या हातानं ब्रेक धरून उजव्यानं रेस देत होतात, आता तो ब्रेक उजव्या पायानं धरा. डावा पाय जमिनीवर, उजवा ब्रेकवर. थोडी रेस द्या, क्लच त्या मधल्या पट्ट्यापर्यंत आणा. गाडीचं तोंड किंचित दबल्यासारखं वाटलं की पाय हळूच सोडा. गाडी मागे येत नाही. उड्डाणपुलाच्या चढावर पहिल्यांदा अडकण्याऐवजी एखाद्या सोसायटीच्या उतारावर हे आधी करून पाहा.

घाटात मात्र मोटरसायकल मन जिंकते. ताम्हिणी किंवा आंबा घाट उतरताना स्कूटरवर ब्रेक सारखा धरावा लागतो आणि शेवटी तो तापतो. मोटरसायकल तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये टाकून रेस सोडली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरावं, हा जुना हिशेब अजूनही बरोबर आहे. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडणं म्हणजे हा आधार स्वतःहून काढून टाकणं. आणि ओल्या रस्त्यावर गिअर कमी केला की क्लच हळू सोडा, नाहीतर मागचं चाक क्षणभर अडतं आणि घसरतं.

अंगाला होणारे बदल लवकर अंगवळणी पडतात. १७-१८ इंचाची चाकं खड्डे सहज पचवतात, गुडघ्यांनी टाकी धरली की वळणावर भरवसा येतो. ॲक्टिव्हा सुमारे १०६ किलोची, स्प्लेंडर सुमारे ११२ ची, पण १५० सीसीच्या गाड्या १४० ते १५० किलोपर्यंत जातात आणि क्लासिक ३५० तर १९५ किलोची. पहिली गाडी हलकी घ्यावी, दोन्ही पायांचे चवडे नीट टेकणारी. भाजीच्या पिशव्या आणि गॅसची टाकी पायाशी ठेवायची सोय मात्र जाते, घरातल्यांना ते आधीच सांगून ठेवा. चप्पल घालून गिअर बदलू नका, बंद बूट हवेत.

लायसन्स तपासा. त्यावर फक्त विनागिअर दुचाकीचा वर्ग, म्हणजे एमसीडब्ल्यूओजी असेल, तर गिअरची गाडी चालवायला तो चालत नाही. एमसीडब्ल्यूजी हा वर्ग वाढवून घ्यावा लागतो, त्यासाठी आधी शिकाऊ लायसन्स आणि ३० दिवसांनंतर आरटीओची चाचणी. शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं. त्या काळात पुढेमागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा आणि मागे कुणाला बसवायचं नाही. बसवायचंच तर फक्त लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्याला.

देखभालीत दोन गोष्टी नव्या आहेत. एक चेन. ती साधारण ५०० ते ७०० किलोमीटरला साफ करून तेल द्यावी, पावसात भिजल्यावर त्याआधीही. ती किती सैल असावी हे पुस्तिकेत दिलेलं असतं. दुसरी गोष्ट इंजिन ऑइल, आणि याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. स्कूटरचा क्लच कोरडा. म्हणून स्कूटरसाठी जासो एमबी दर्जाचं, घर्षण कमी करणारं तेल मिळतं. ते मोटरसायकलमध्ये घातलं तर चकत्या घसरू लागतात, इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही. मोटरसायकलला एमए किंवा एमए२ लिहिलेलं तेलच हवं. घरात स्कूटरचा उरलेला डबा असेल तर तो स्कूटरसाठीच ठेवा.

बहुतेक घरांत मोटरसायकल आल्यावर स्कूटरही राहते, आणि धोका मग उलट्या दिशेनं येतो. आठवडाभर मोटरसायकल चालवून तुम्ही दूध आणायला स्कूटर काढता. ४० च्या वेगाला गिअर बदलायच्या सवयीनं डावा हात पूर्ण दाबता, आणि तो असतो ब्रेक. मागून येणाऱ्याला काही कळायच्या आत गाडी जागच्या जागी रोखली जाते. म्हणून स्कूटर असो की मोटरसायकल, निघाल्यावर पहिल्या काही मीटरमध्ये, चालीच्या वेगातच डावी लिव्हर एकदा दाबून पाहा. गाडी थांबली तर स्कूटर, सुटली तर मोटरसायकल. हात ती खूण धरतो आणि मग मोठ्या रस्त्याला लागावं.